हॅनासाठी कोण बोलणार?

९ डिसेंबर

प्राचार्य आप्पासाहेब सरांनी आज केबिनमध्ये बोलावलं. जानेवारीत मूल्यांकन समिती येणार आहे. "बिलकीस मॅडम, इतिहास विभागानं काहीतरी नवीन करून दाखवायचं," म्हणाले. किनवटच्या ह्या कॉलेजात इतिहास विभाग म्हणजे मी एकटी, आणि मीही तासिका तत्त्वावर. पुढच्या वर्षी मला ठेवतील की नाही ते ह्या समितीवर अवलंबून आहे, हे सर बोलले नाहीत पण मला कळलं. मी हो म्हणून बाहेर आले.

काय करायचं ते दुपारच्या तासाला सुचलं. तिसऱ्या वर्षाला इंग्लंडचं अठरावं शतक चालू आहे. गुन्हे आणि शिक्षा हे प्रकरण सुरू केलं तेव्हा मागच्या बाकावर दोघं पेंगत होते. मी म्हटलं, "त्या काळी लंडनला पोलीसच नव्हते." सगळ्यांनी माना वर केल्या.

"मग चोर कोण पकडायचं मॅडम?" हरिओमने विचारलं.

ज्याच्या घरी चोरी झाली त्यानेच. चोर शोधायचा त्याने, कोर्टात उभा करायचा त्याने, आरोपही त्यानेच मांडायचा. गस्तीला कंदील घेतलेले म्हातारे. आरोपीला बहुतेक वेळा वकील नाही. पाचदहा मिनिटांत खटला संपायचा आणि चांदीच्या चमच्यासाठी फाशी व्हायची. तास संपल्याची घंटा झाली तरी कुणी उठलं नाही.

तर खटला उभा करायचा. लंडनमधली एक मोलकरीण, नाव हॅना. मालकिणीचा आरोप की हिने चांदीचे चमचे चोरले. बारा जणांची ज्युरी वर्गातलीच. निकाल मी लिहून देणार नाही, तो त्यांनी त्या दिवशी ठरवायचा.

जेवताना अब्बांना सांगितलं. ते म्हणाले, "पोलीसच न्हाईत तर नाटक बघायचं कशाला?" नोकरीची सगळी वर्षं त्यांनी किनवट, माहूर, हिमायतनगरच्या ठाण्यांत काढली, जमादार म्हणून रिटायर झाले. अजूनही गल्लीत त्यांना लालमहंमद कुणी म्हणत नाही, जमादारच म्हणतात.

१३ डिसेंबर

भूमिका वाटल्या. हॅना दीपमालाने करावी असं माझ्या मनात पक्कं होतं. वर्गातली सगळ्यात हुशार पोरगी. इस्लापूरकडच्या खेड्यातली, इथं वसतिगृहात राहते. आवाज असा की मागच्या भिंतीपर्यंत जातो.

ती उभी राहून म्हणाली, "मी चोर होणार न्हाई मॅडम."

"अगं, नाटकातली."

"नाटकातली बी न्हाई. मला मालकीण द्या."

मग आरतीने हात वर केला, मी होते हॅना, मला रडायला येतं. सगळे हसले. विषय तिथंच संपला. हुशार पोरांना थोडा ताठा असतो. असू दे.

१९ डिसेंबर

दीपमाला आज परत गैरहजर. वसतिगृहाच्या मंजुश्री मॅडम म्हणाल्या, सकाळच्या गाडीने नांदेडला गेली, मागच्या आठवड्यातही गेली होती. विचारलं तर काम आहे म्हणते. कसलं काम असणार ह्या वयात? कुणीतरी मुलगा असेल. मी काही बोलणार नाही. माझ्या वेळी मला कुणी बोललं असतं तर मी तरी कुठं ऐकलं असतं. लग्न मोडून ह्या घरात परत आले त्या दिवशीसुद्धा अब्बांनी एक शब्द विचारला नव्हता. फक्त माझी ट्रंक उचलून आत ठेवली होती.

२२ डिसेंबर

पहिली तालीम. घराची किल्ली माझ्याजवळच राहिली म्हणून अब्बा कॉलेजात आले आणि मागच्या बाकावर बसूनच राहिले.

दीपमाला उभी राहिली. मी तिला चार ओळी लिहून दिल्या होत्या. तिने त्या म्हटल्याच नाहीत. आरतीकडे बोट करून म्हणाली:

"हिला मी घरच्यासारखं ठेवलं, साहेब. दिवाळीला साडी दिली. पोरीची फी भरायला उचल दिली. ताप आला तर माझ्या हातानं गोळ्या दिल्या. आणि हिनं काय केलं? ह्या लोकांना कितीबी करा, ह्यांचा हात जातोच. विचारा हिला. खाली काय बघते, माझ्याकडं बघून सांग म्हणा!"

आरती खरंच घाबरली. मी जोरात टाळ्या वाजवल्या, पोरांनीही वाजवल्या. लंडनच्या मोलकरणीच्या पोरीची फी कुठली, म्हणून मी म्हटलं, "फी काढून टाक आणि दिवाळीच्या जागी नाताळ कर. बाकी हेच ठेव. फार छान रचलंस."

"बरं मॅडम," एवढंच म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली.

घरी येताना अब्बांनी विचारलं, "ही पोरगी कोणाची?" मी सांगितलं. "हे बोलणं तू लिहून दिलतं?" मी म्हटलं, नाही, तिनेच रचलं.

"रचलं?" म्हणाले, आणि मग घर येईपर्यंत काही बोलले नाहीत. आजकाल मध्येच असे गप्प होतात. वय झालं.

२८ डिसेंबर

अब्बा आता रोज तालमीला येतात! कंदीलवाला म्हातारा गस्तकरी हवाच होता, पोरांनी त्यांना गळ घातली. त्यांचं एकच वाक्य: "मी हिला गल्लीत पळताना धरली." पण ते असं बोलतात की हरिओम न्यायाधीश असून उठून उभा राहतो. साक्षीदाराने हात कुठं ठेवायचे, न्यायाधीशाकडे बघून कसं बोलायचं, हेही शिकवतात. तालीम संपली की खिशातून भाजक्या शेंगा काढतात आणि पायरीवर बसतात. दीपमाला त्यांच्याशेजारी बसते. ती कुणाशी फार बोलत नाही, पण "जमादार चाचा" म्हणून त्यांच्याशी काहीबाही बोलते. मी जवळ गेले की दोघं शेंगा सोलायला लागतात.

आज हॅनाच्या बाजूच्या साक्षीदाराचा प्रश्न निघाला. मी समजावून सांगितलं: तेव्हा आरोपीला ओळखीचं माणूस आणता यायचं. शेजारी, जुना मालक, कुणीही. त्याने उभं राहून म्हणायचं की मी हिला ओळखतो, बाई सरळ आहे. एवढ्यानेही ज्युरीचं मन वळायचं. न्यायाधीश विचारायचा, तुझ्यासाठी कोण बोलणार?

"आणि कुणीच न्हाई आलं तर?" आरतीने विचारलं.

"तर पुढचा खटला."

ती एका वाक्याची भूमिका घ्यायला कुणी तयार होईना. दीपमाला खाली बघून म्हणाली, "मॅडम, तो पार्ट काढूनच टाका. हॅनासाठी कुणी आलं नसतं."

मला ते पटलं. नाटकाच्या दृष्टीनेही चांगलं. न्यायाधीश विचारतो आणि कुणीच उठत नाही. काढून टाकला.

३ जानेवारी

झोप येत नाही, म्हणून आत्ताच लिहिते.

आजही दीपमाला तालमीला नव्हती. समितीची तारीख जवळ आली, म्हणून मी रागातच वसतिगृहावर गेले. ती मागच्या नळावर कपडे धूत होती. मी म्हटलं, "तुझं नांदेडला काय असेल ते असू दे. पण ज्याच्यासाठी जातेस त्याला सांग, परीक्षा झाल्यावर भेटू."

तिने हातातलं कापड खाली ठेवलं. मग म्हणाली, "मॅडम, माझी आई जेलात हाय."

नळ चालूच होता. तो तिनेच बंद केला.

आईचं नाव कोंडाबाई. वडील दीपमाला सातवीत असतानाच गेले. आई नांदेडला एका घरी कामाला होती, तिथंच जिन्याखालच्या खोलीत राहायची. दिवाळीच्या सुमारास घरातल्या बाईंच्या सोन्याच्या बांगड्या गेल्या. बांगड्या अजून सापडलेल्या नाहीत. बाईंनी आईचं नाव दिलं. दीपमाला सुट्टीत तिथंच होती. पोलीस आले तेव्हा दारात उभी होती.

"बाई सगळ्यांसमोर जे बोलली ते मी ऐकलं, मॅडम. साडी, फी, गोळ्या. आई खाली बघत होती."

मी त्यावर टाळ्या वाजवल्या होत्या. फी काढून टाक म्हटलं होतं.

ती माझी समजूत घालायला लागली! "तुम्हाला कुठं माहीत होतं मॅडम," म्हणाली. मग पुढचं सांगितलं. सरकारी मोफत वकिलाने अर्ज केला, कोर्टाने जामीन मंजूरही केला. पण जामीनदार नाही. ज्याच्या नावावर घर किंवा जमीन आहे असं कुणीतरी कोर्टात उभं राहून जबाबदारी घ्यायला हवी. मामाने सांगितलं, आमच्या पोरींची लग्नं व्हायचीत, आमचं नाव घेऊ नको. गावातल्यांनी दारच उघडलं नाही. म्हणून जामीन होऊनही आई आतच आहे.

"तू मला आधी का नाही सांगितलंस?"

"सांगून काय झालं असतं मॅडम? तुम्ही चांगल्या हाव. तुमच्या डोळ्यात मी आधीसारखी राहावं वाटलं."

घरी येऊन अब्बांना सगळं सांगितलं. घर त्यांच्या नावावर आहे, पेन्शन आहे. मी सरळ विचारलं, तुम्ही राहाल का जामीन?

त्यांनी हातातला भाकरीचा तुकडा ताटात परत ठेवला. मग म्हणाले, "बेटा, ह्यात आपण पडायचं न्हाई."

"का?"

"जमादार चोराला जामीन राहिला म्हणतील ठाण्यातली पोरं."

"ती चोर आहे हे कुणी ठरवलं?"

"न्हाई ठरलं. पण ती पळून गेली तर कोर्ट कोणाला धरतंय? मला. माझं काय, मी आज हाय उद्या न्हाई. हे घर हाय म्हणून तुझ्या डोक्यावर छप्पर हाय."

मी म्हटलं, माझं नाव पुढे करू नका, तुम्हाला भीती वाटते असं सांगा. मी ताट तसंच टाकून उठले. असं मी त्यांच्याशी आयुष्यात बोलले नव्हते.

६ जानेवारी

बोलणं बंद. सकाळी उठते तेव्हा चहा झाकून ठेवलेला असतो, अब्बा फिरायला गेलेले असतात.

मी स्वतः त्या वकिलांना फोन केला. माणूस भला आहे. विचारलं, पक्की नोकरी आहे का? नाही. घर, प्लॉट, काही नावावर? नाही. "मग मॅडम, तुमचा उपयोग नाही," म्हणाले. मला हसूच आलं. दोन पदव्या आणि नेट पास, आणि कोर्टाच्या लेखी मी कुणासाठीच उभी राहू शकत नाही.

११ जानेवारी

अब्बांचं काहीतरी चाललं आहे. कटिंग करून आले. मग स्टुडिओत जाऊन पासपोर्ट साइजचे फोटो काढून आणले. फोटोत छाती पुढे काढून बसलेत, जणू बढती मिळाली आहे. आधार कार्ड मागितलं, रेशन कार्ड मागितलं. "कशाला?" म्हटलं तर "लागतंय." काल आणि परवा तहसीलला गेले होते. मंगळवारी डोळे दाखवायला म्हणून नांदेडला गेले, संध्याकाळी आले. चष्मा तोच.

नांदेडच्या भावाला, जुबेरला फोन केला. तो म्हणाला, "आले होते माझ्याकडे जेवायला. डोळ्यांचं काही बोलले न्हाईत. जेवून लगेच गेले, कामाय म्हणाले."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. उमराह! मक्केला जायचं अम्मी गेली तेव्हापासून त्यांच्या मनात आहे. गल्लीतले दोघंतिघं फेब्रुवारीत चाललेत. माझ्याशी बोलणं नाही म्हणून सांगत नसणार. जाण्याआधी सगळ्यांशी गोड व्हायचं असतं, माफी मागायची असते, आणि मी इकडे तोंड फिरवून बसले आहे.

रडले जरा. मग बाजारात जाऊन एक मऊ मफलर आणला. विमानात थंडी वाजते म्हणतात.

१५ जानेवारी

मफलर त्यांच्या कॉटवर ठेवला. बघितला, माझ्याकडे बघितलं. "आज कसली ईद?" म्हणाले. मी म्हटलं, "कळलं मला सगळं. तुम्ही जा. मी राग धरून बसणार नाही."

ते एकदम चपापले. "कोणी सांगितलं?"

"कुणी नाही. मी इतकी बावळट नाही."

"पोरीला बोलली का काही?"

कोणती पोरगी ते मी विचारलं नाही. जुबेरच्या अलीझाबद्दल म्हणत असतील, तिला आजोबा जाणार म्हटलं की रडू येतं. मी नाही म्हटलं. "मग बोलू नको. काम पुरं झाल्याबिगर बोलायचं नसतंय." मी मान डोलावली. व्हिसा लागेपर्यंत सांगायचं नाही, बरोबर आहे.

आम्ही परत बोलायला लागलो. किती हलकं वाटतं आहे.

१७ जानेवारी

दीपमालाला बाजूला घेऊन म्हटलं, मालकीण तू करू नको. दुसऱ्या कुणाला देऊ.

"न्हाई मॅडम. मलाच करू द्या."

"का गं? त्रास नाही होत?"

ती विचार करून म्हणाली, "ते बोलणं माझ्या कानात बसलंय. मोठ्यानं बोललं की तेवढ्यापुरतं कमी होतंय."

तिच्या डोक्यावरून हात फिरवला. दुसरं काय करणार होते? उमराहचं अजून ठरायचं असेल, तर अब्बांना पुन्हा एकदा जामिनाचं विचारावं का? धीर होत नाही. हज-उमराहला निघालेल्या माणसाच्या मागे कोर्टाची जबाबदारी कशी लावायची?

२१ जानेवारी

समिती आली आणि अब्बा नाहीत! सकाळी उठले तर कॉटवर नाहीत. फोन बंद. एकच तर वाक्य होतं त्यांचं. इतका संताप आला. ऐनवेळी कंदील एका पोराच्या हातात दिला.

सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत समितीची तीन माणसं, शेजारी आप्पासाहेब सर घाम पुसत. हरिओमच्या डोक्यावर कापसाचा टोप, त्यातला कापूस वाऱ्याने उडत होता. पोरं आधी हसली. मग दीपमाला बोलायला लागली आणि हसणं थांबलं. आज तिने आवाज चढवला नाही. हळू बोलली. "ह्या लोकांना कितीबी करा..." म्हणताना आरतीकडे बघितलंही नाही, समोर कुठंतरी बघत होती.

न्यायाधीशाने विचारलं, "हॅना, तुझ्यासाठी कोण बोलणार?"

आरतीने सगळीकडे बघितलं. कुणी उठलं नाही. आम्ही तसंच ठरवलं होतं, तरी मी मागच्या दाराकडे बघितलं.

ज्युरी पडद्यामागे गेली. आत जोरजोरात भांडण चाललेलं ऐकू येत होतं, लोक खुर्चीत पुढे सरकून ऐकायला लागले. मग रविकिरण पुढे आला. "चोरी झाली. पण चमचे एकोणचाळीस शिलिंगचे हायेत."

समितीतल्या एका सरांनी विचारलं, "मालकिणीने तर किंमत जास्त सांगितली होती. तुम्ही कशी कमी केली?"

"सर, चाळीस म्हटलं तर फाशी होती," रविकिरण म्हणाला.

टाळ्या. ते सर उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्या काळच्या कितीतरी ज्युऱ्यांनी खरंच असं केलं होतं. जीव वाचावा म्हणून मुद्दाम किंमत कमी धरायचे. मी वर्गात एकदाच सांगितलं होतं, पोरांनी लक्षात ठेवलं. आप्पासाहेब सरांनी माझा हात हातात घेऊन हलवला. पुढच्या वर्षाचं काही काळजी करू नका, म्हणाले.

मी दीपमालाला शोधत मागच्या खोलीत गेले. ती टोप्या आणि झगे घड्या घालत बसली होती.

"वाचवलं ना पोरांनी हॅनाला," मी म्हटलं.

"हाव मॅडम." मग घडी घालता घालता थांबली. "पण एकोणचाळीस म्हणजे तिनं चोरी केलीच, असं झालं ना?"

मी तिच्यासमोर बसून एक झगा घडी घालायला घेतला.

तीच तारीख, संध्याकाळ

घरी येऊन चहा टाकला होता. दाराची कडी वाजली. अब्बा. गळ्यात माझा मफलर. त्यांच्या मागे एक बारीक, पांढुरक्या चेहऱ्याची बाई, हातात चेनची पिशवी. बाई आत यायला तयार नव्हती.

"होस्टेलला फोन लाव," अब्बा म्हणाले, "पोरीला बोलव. म्हणावं, आई आली."

मला काही समजायला वेळच लागला. फोन लावला, मंजुश्री मॅडमना काय सांगितलं आठवत नाही. मग अब्बांना स्वयंपाकघरात ओढून नेलं.

"तुम्ही उमराहला चालला होतात ना?"

"कोण?"

मी फोटो, आधार, तहसील, मफलर, सगळं सांगितलं. ते आधी तोंड उघडं टाकून ऐकत राहिले आणि मग इतके हसले की ठसका लागला. मला पाठ थोपटावी लागली. फोटो कोर्टासाठी होते. तहसीलमधून हैसियतीचा, म्हणजे घर-मिळकतीच्या ऐपतीचा दाखला काढला होता. आणि मंगळवारी डॉक्टरकडे नाही, जेलात कोंडाबाईंच्या भेटीला गेले होते.

"मला का नाही सांगितलं?"

"तुला सांगितलं असतं तर तू त्याच दिवशी पोरीला सांगितलं असतंस. आणि कोर्टानं दाखला न्हाई मानला तर? ती पोरगी दुसऱ्यांदा खचली असती. काल संध्याकाळी वकिलाचा फोन आला, उद्या या म्हणून. तुझ्या नाटकाला यायचं चुकलं बेटा. माफी दे."

"ठाण्यातली माणसं?"

"जामीनदाराच्या पडताळणीला आली होती, तू कॉलेजात होतीस तवा. सलाम केला. मग एकमेकांकडं बघून हसली. हसू दे."

मी विचारलं, आधी नाही म्हणाला होतात, मग कसं काय? ते ओट्याला टेकून उभे राहिले. "नोकरीभर माणसं जेलच्या त्या दारातून आत सोडली आणि माघारी फिरलो. सही घ्यायची, गाडीत बसायचं. तिथं बाहेर बाकड्यावर कोण बसलेलं असतंय ते कधी बघितलं न्हाई. ह्या वेळी मी बसलो. माझ्या बाजूला एक म्हातारी होती, सकाळपासून. तिचा नंबर आला तवा रडायला लागली, बोलणंच झालं न्हाई तिचं." मग चहाकडे बघून म्हणाले, "उतू चाललाय."

गॅस बंद केला. हळूच विचारलं, "अब्बा, तिने घेतल्या नसतील ना बांगड्या?"

"मला माहीत न्हाई."

"तुम्हाला काय वाटतं?"

"वाटण्याचं काय करून राहिलीस बेटा. ते कोर्ट बघंल. तवर पोरीजवळ राहील."

तेवढ्यात बाहेर चपलांचा आवाज आला. दीपमाला पळत आली होती, एका पायात वसतिगृहातली स्लीपर, दुसऱ्यात कुणाचीतरी वेगळीच. दारात उभी राहिली. उंबऱ्याशी बसलेल्या आईने तिला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "किती वाळलीस गं."

दीपमाला आईच्या पायाशी जमिनीवर बसली आणि तिच्या मांडीत तोंड खुपसलं. सभागृहाच्या भिंतीपर्यंत जाणारा तो आवाज, त्याचा आता नुसता हुंदका येत होता. अब्बा अंगणात जाऊन नळाखाली तोंड धूत राहिले, बराच वेळ.

२२ जानेवारी

रात्री दोघी इथंच झोपल्या. सकाळी जाग आली तर अंगण झाडल्याचा आवाज. कोंडाबाईंनी अंगण झाडलं होतं, कालची भांडी घासून पालथी घातली होती, आणि आता कुठं हात लावावा ते बघत उभ्या होत्या. दीपमालाने त्यांच्या हातातून झाडू काढून घेतला. "आई, ठेव ते. आपण पाव्हणे हाव इथं."

"असं कसं नुसतं बसायचं?" कोंडाबाई म्हणाल्या. तरी पाटावर बसल्या. मी भाकरी थापत होते, त्या बघत होत्या. मग न राहवून म्हणाल्या, "बाई, तवा जरा जास्त तापलाय." मी आच कमी केली. त्यानंतर थोडं बोलल्या. गावाकडचं घर पावसाळ्यात एका बाजूने पडलं आहे, तरी तिथंच जाणार. दीपमाला चार दिवस सोबत राहून परत येईल, परीक्षा आहे. पुढच्या तारखेला कोर्टात हजर व्हायचं आहे. अब्बा म्हणाले, मी येतो सोबत, तुम्ही स्टेशनवर उभ्या राहा फक्त.

निघायची वेळ झाली. दोघी चपला घालून दारात आल्या. कोंडाबाईंनी पिशवी पुढे केली आणि चेन उघडली.

मला वाटलं, डब्यासाठी. मी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून ठेवलीच होती, ती आणायला वळले. डबा घेऊन मागे बघते तर त्या पिशवीतलं लुगडं वर उचलून धरत होत्या, मग त्याखालचा कंगवा, मग औषधाची पट्टी. एकेक बाजूला करून आतला तळ दाखवत होत्या. मान खाली. जुन्या सवयीने, कामाच्या घरातून बाहेर पडताना दाखवायचं असतं तसं.

दीपमालाने भिंतीकडे तोंड केलं.

माझ्या हातात डबा तसाच राहिला. आयुष्यभर लोकांच्या पिशव्या तपासलेला माणूस माझ्या बाजूने पुढे झाला. अब्बांनी कंगवा, औषध, लुगडं नीट आत ठेवलं. माझ्या हातातला डबा घेऊन वर ठेवला. आत बघितलं नाही. चेन ओढली, पिशवी स्वतःच्या खांद्याला लावली आणि म्हणाले, "चला, गाडीची वेळ झाली."

ते पुढे चालायला लागले. मागे दोघी. गल्लीतले लोक आपापल्या दारातून बघत होते. कुणीतरी विचारलं, "जमादार, पाव्हणे कुठले?"

"आपलेच हायेत," अब्बा म्हणाले, आणि थांबले नाहीत.